सही कोणाची, वहिवाट कोणाची?



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावणे धाडले, तेव्हा कामगारांच्या कायद्यावर काही तरी बोला, एवढेच त्यांचे म्हणणे होते. विषय आम्हीच लांबवला. आंतरराष्ट्रीय कायदा राज्ये घडवतात असे पुस्तकांत लिहिलेले असते. राज्ये घडवतात म्हणजे नेमके कोण घडवते, या प्रश्नावर आज आम्ही बोलणार आहोत. चालकांपैकी एकाने हसून विचारले, "अहो, वर्ध्याच्या उन्हात जिनिव्हा कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देता आले तर आजचे व्याख्यान कारणी लागले असे आम्ही समजू.

आमची योग्यता आधीच सांगून टाकतो. आमची शाळा नववीला सुटली. जिल्ह्यातल्याच एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो आणि रात्रपाळीच्या मधल्या सुटीत, पुढे युनियनच्या कचेरीत, मिळेल ते वाचीत गेलो. तेव्हा विद्वानांची बैठक आम्हांस नाही. परंतु तीस वर्षे करारांच्या वाटाघाटी केल्यामुळे एक गोष्ट आम्ही शिकलो आहोत. करारावर सही एकाची असते, पण तो करार घडवणारे हात पुष्कळ असतात. गिरणीच्या करारास जे लागू, तेच राष्ट्रांच्या करारांसही लागू आहे, असे आमच्या ध्यानात हळूहळू येत गेले.

वकील मंडळी राज्याकडे एक व्यक्ती म्हणून पाहतात. भारताने सही केली, ब्रिटनने नकार दिला, पोर्तुगालने दावा लावला, अशी त्यांची भाषा. न्यायालयात हे सोयीचे आहे. सातबाऱ्यावरही नाव एकाचेच असते. परंतु शेतात राबणारे निराळे, हिस्सा मागणारे निराळे, आणि बांधावर बसून हिशेब करणारे निराळे. समाजशास्त्राच्या वाटेने जाणारा माणूस सातबारा वाचून थांबत नाही, तो शेतात उतरतो. राष्ट्रांच्या कायद्याचा पाया समाजाच्या रचनेत शोधावा, असे स्वित्झर्लंडच्या मॅक्स ह्यूबर या कायदेपंडिताने १९१० सालीच मांडले होते, आणि पुढे हा गृहस्थ स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अध्यक्षही झाला. म्हणजे ही काही चळवळ्या माणसांची टूम नव्हे.

आता आपण शेतात उतरू, आणि सुरुवात आपल्या महाराष्ट्रापासूनच करू.

नारायण मेघाजी लोखंडे हे नाव आपणांस ठाऊक आहे. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, मुंबईच्या गिरणी कामगारांचे पहिले पुढारी. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला गिरणी कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. आठवड्यातून एक दिवस सुटी मिळावी, ही त्यातली पहिली मागणी. रविवारची सुटी गिरणीमालकांनी मान्य केली ती १० जून १८९० रोजी. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याची सुटी कायद्यात बसली.

परंतु या कायद्यामागे आणखी एक हात होता, आणि तो कामगारांचा मित्र नव्हता. तो हात मँचेस्टरचा. १८८१ आणि १८९१ या दोन्ही फॅक्टरी कायद्यांसाठी लँकेशायरच्या गिरणीमालकांनी लंडनमध्ये जोर लावला होता. मुंबईचा मजूर बारा-चौदा तास राबतो, याचे दुःख त्यांस होते ते एवढ्यासाठी की त्याने विणलेले कापड स्वस्त पडत होते. म्हणून आपल्याकडचे कित्येक देशभक्त या कायद्याच्या विरुद्ध बोलत. त्यांची शंका खोटी नव्हती. पण लोखंड्यांची मागणीही खोटी नव्हती. एकाच कायद्याच्या गाड्यास दोन निराळे बैल जुंपलेले होते. सरकार नावाच्या धन्याने कासरा हातात धरला होता हे खरे, पण गाडा कोणामुळे चालला हे धन्याच्या नावावरून कळत नाही.

आता १९१९ सालाकडे येऊ. पहिले महायुद्ध संपले होते. रशियात क्रांती झाली होती. युरोपातल्या सरकारांना आपापल्या कामगारांची धास्ती वाटत होती. त्या धास्तीतून आणि काही भल्या माणसांच्या प्रयत्नांतून व्हर्सायच्या तहात एक भाग घातला गेला आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना जन्मास आली. तिची घटना इतर संस्थांहून वेगळी आहे. तेथे प्रत्येक देशाचे चार प्रतिनिधी बसतात. दोन सरकारचे, एक मालकांचा, एक कामगारांचा. चौघांची मते सुटी असतात. कामगार प्रतिनिधी आपल्याच सरकारच्या विरुद्ध हात वर करू शकतो. राज्य म्हणजे एक व्यक्ती, ही समजूत निदान या एका सभागृहात दारापाशीच काढून ठेवावी लागते.

हिंदुस्थान तेव्हा पारतंत्र्यात होता. तरीही व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानच्या नावाने सह्या झाल्या. एक भारतमंत्री माँटेग्यू यांची, दुसरी बिकानेरचे महाराज गंगासिंह यांची. त्यामुळे हिंदुस्थान राष्ट्रसंघाचा आणि कामगार संघटनेचा मूळ सभासद झाला. साम्राज्याला एक मत जास्त मिळावे, हा त्यातला हिशेब उघड होता. देशाला स्वातंत्र्य नाही, पण जगाच्या सभेत खुर्ची आहे, असा तो चमत्कार.

त्या खुर्च्यांवर बसले कोण ते पाहा. ऑक्टोबर १९१९ मध्ये वॉशिंग्टनला पहिली परिषद भरली. हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी होते इंडिया ऑफिसचे लुई कर्शॉ आणि सनदी नोकरीतले अतुल चटर्जी. मालकांचे प्रतिनिधी होते कलकत्त्याच्या तागाच्या धंद्यातले अलेक्झांडर मरे. कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने नेमले नारायण मल्हार जोशी यांस. जोशी कुलाबा जिल्ह्यातले, भारत सेवक समाजाचे सभासद. १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली होती आणि चाळींतून रात्रीच्या शाळा, वाचनालये चालवली होती. मद्रासचे बी. पी. वाडिया त्यांचे सल्लागार म्हणून गेले होते. म्हणजे 'हिंदुस्थान' या एका नावाखाली एक इंग्रज अंमलदार, एक बंगाली अंमलदार, एक तागवाला साहेब आणि एक मराठी समाजसेवक असे चौघे बसले होते.

परिषदेने पहिलाच करार केला तो कामाच्या तासांचा. अशा करारास कन्व्हेन्शन म्हणतात, आम्ही आपला करारच म्हणू. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, हा जगाचा नियम ठरला. आणि त्याच करारात दहावे कलम असे आले की ब्रिटिश हिंदुस्थानात, ज्या धंद्यांना त्या वेळी फॅक्टरी कायदा लागू होता तेथे आणि खाणींत व रेल्वेच्या काही शाखांत, आठवडा साठ तासांचा राहील. जपानलाही अशीच सवलत होती, सत्तावन्न तासांची. हवामान, उद्योगाची मागासलेली स्थिती अशी कारणे तहातच लिहून ठेवली होती.

अठ्ठेचाळीस आणि साठ यांतले अंतर बारा तासांचे. हे बारा तास कोणाचे? आपल्या हिंगणघाटात आणि पुलगावात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून गिरण्या उभ्या होत्या. नागपूरची एम्प्रेस मिल तर १८७७ सालची. तेथल्या साच्यांवर उभ्या असलेल्या माणसाचे हे बारा तास वॉशिंग्टनमध्ये ठरले आणि त्याला ते कळलेही नाही. वर्ध्याच्या उन्हात जिनिव्हा कशाला, या प्रश्नाचे पहिले उत्तर हे आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर आम्ही अर्धसत्य बोललो असे होईल. साठ तास ही तेव्हा कपात होती. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषास दिवसाला बारा तास राबवता येत असे. हिंदुस्थान सरकारने हा करार जुलै १९२१ मध्ये मान्य केला आणि १९२२ च्या फॅक्टरी कायद्यात साठ तासांचा आठवडा आला. १९३४ साली चोपन्न तास झाले. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते, आणि १९४६ च्या दुरुस्तीने आठवडा अठ्ठेचाळीस तासांवर आला. जगाने जो आकडा १९१९ साली लिहिला, तो आमच्या गिरणीत पोचायला सत्तावीस वर्षे लागली. आणि गंमत अशी की ज्या ब्रिटनच्या छत्राखाली हिंदुस्थानने या करारास मान्यता दिली, त्या ब्रिटनने स्वतः तो करार कधीच मान्य केला नाही. ज्या अमेरिकेच्या राजधानीत परिषद भरली, ती अमेरिका १९३४ पर्यंत संघटनेची सभासदसुद्धा नव्हती.

एवढ्यावरून कोणी म्हणेल, मग हा सगळा खेळ बड्यांचाच. आम्ही तसे म्हणत नाही. साम्राज्याने आपल्या सोयीसाठी दार उघडले खरे, पण दार उघडले की त्यातून कोण आत शिरेल हे उघडणाऱ्याच्या हातात राहत नाही. कामगारांचा प्रतिनिधी देशातल्या प्रातिनिधिक कामगार संघटनांच्या संमतीने नेमावा, असे तहातच लिहिले होते. १९१९ साली अशी देशव्यापी संघटना नव्हती म्हणून सरकारने परस्पर नेमणूक केली. तेव्हा संघटना उभी करणे हाच त्यावरचा उपाय होता. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत लाला लजपतरायांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, त्यामागच्या कारणांत हे एक मोठे कारण होते. कामगार संघांना कायद्याचे संरक्षण मिळावे म्हणून जोश्यांनी १९२१ साली मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव आणला आणि १९२६ साली ट्रेड युनियन कायदा झाला. जिनिव्हाच्या खुर्चीने इकडे संघटना घडवली, आणि संघटनेने ती खुर्ची सरकारच्या हातून आपल्या हातात घेतली.

ही खुर्ची घ्यावी की नाही यावर आपल्यांतच भांडणे झाली, हेही लपवू नये. १९२९ साली येथून जवळच नागपूरला ट्रेड युनियन काँग्रेसचे अधिवेशन भरले. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. सरकारच्या व्हिटले कमिशनवर बहिष्कार घालावा का, जिनिव्हाशी संबंध ठेवावा का, या वादात संघटना फुटली आणि जोशी आपल्या सहकाऱ्यांसह बाहेर पडले. साम्राज्याच्या दारातून आत जाणे म्हणजे साम्राज्य मान्य करणे, असे एका पक्षाचे मत. आत गेल्याशिवाय आपले म्हणणे नोंदलेच जाणार नाही, असे दुसऱ्याचे. दोघेही प्रामाणिक होते. आम्ही स्वतः जोश्यांच्या बाजूचे आहोत. पण बाहेर राहणाऱ्यांचा दाब नसता तर आतल्यांचे कोणी ऐकले असते का, याची आम्हांस शंका आहे.

आतापर्यंत सहीच्या कायद्याबद्दल बोललो. आंतरराष्ट्रीय कायद्याची दुसरी जात सहीवाचून होते. तिला आपल्याकडे अगदी नेमका शब्द आहे, वहिवाट. आपल्या गावांतली पांदण घ्या. तिचा कागद पुष्कळदा नसतो. बैलबंड्या पिढ्यानपिढ्या जात आल्या, शेजाऱ्याने हरकत घेतली नाही, आणि जाणाऱ्यालाही वाटत आले की हा आपला हक्क आहे. एवढ्यावर हक्क उभा राहतो. राष्ट्रांतही असेच होते. मग प्रश्न असा, राज्याच्या वतीने पांदणीने चालतो कोण?

याचा खटला मराठी माणसाच्या अगदी दारात झाला. दमणपासून आत, आपल्या मुलखाने वेढलेली दादरा आणि नगरहवेली ही पोर्तुगिजांची ठाणी होती. १७७९ साली पेशवाई आणि पोर्तुगीज यांच्यात झालेल्या तहाने त्यांस तेथल्या काही गावांचा बारा हजार रुपयांचा वसूल मिळाला होता. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी ही ठाणी मुक्त केली. त्यांत आझाद गोमंतक दलाचे लोक होते, सुधीर फडक्यांसारखे कलावंत होते, आणि वारली आदिवासींत गोदावरी व शामराव परुळेकरांनी जी जागृती केली होती तीही त्या मुलखात कामास आली. भारत सरकारने पोर्तुगिजांच्या फौजेस आपल्या हद्दीतून जाऊ दिले नाही. १९५५ च्या डिसेंबरात पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला की आम्हांस वाटेचा हक्क आहे.

१२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. न्यायालयाने जुना तह उकलला. मराठी पाठ, पोर्तुगीज पाठ, यांतल्या शब्दांवर वाद झाला. मराठ्यांनी दिला तो वसुलाचा अधिकार, सार्वभौम सत्ता नव्हे, असे न्यायालयास दिसले. परंतु पुढे ब्रिटिशांनी पोर्तुगिजांची सत्ता तेथे चालू दिली, ती मानून घेतली, आणि सव्वाशे वर्षे माणसे, मुलकी अंमलदार आणि माल यांची ये-जा चालत आली. म्हणून तेवढ्यापुरती वहिवाट सिद्ध झाली. फौज, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांच्याबाबत मात्र ती सिद्ध झाली नाही. कारण काय? तर प्रत्येक वेळी परवानगी मागून जाण्याचा परिपाठ होता. परवानगी मागणारा माणूस हक्काने चालत नसतो, हे आपला तलाठीसुद्धा सांगेल. सारांश, भारताने कर्तव्य मोडले नाही असा निर्णय झाला.

आता विचार करा, हा कायदा कोणी केला? नाक्यावरच्या कारकुनाने केला. बैलगाडी हाकणाऱ्याने केला. परवानगीचा अर्ज लिहिणाऱ्या आणि त्यावर शेरा मारणाऱ्या, इतिहासात नाव नसलेल्या माणसांनी केला. आपण आंतरराष्ट्रीय कायदा करीत आहोत हे त्यांच्या स्वप्नातही नसेल. राज्याचे वर्तन म्हणतात ते अशा हजारो माणसांच्या सवयींनी झालेले असते. समाजशास्त्राची वाट धरल्यावाचून हे दिसत नाही.

सहीच्या कायद्यातही खालून हात लागतो, याचे आपल्या काळातले उदाहरण देतो. अहमदाबादेत गांधीजींच्या आणि अनसूयाबेन साराभाईंच्या प्रेरणेने मजूर महाजन उभे राहिले. त्याच्याच महिला विभागातून १९७२ साली इला भट्ट यांनी 'सेवा' ही संघटना काढली. घरी बसून बिड्या वळणाऱ्या, कपडे शिवणाऱ्या बायकांना कामगार म्हणून फारसे कोणी मानीत नव्हते. या बायकांनी इतर देशांतल्या आपल्यासारख्यांशी जोड बांधली, आणि १९९६ साली जिनिव्हात घरबसल्या काम करणाऱ्यांचा करार झाला. २०११ साली घरकामगारांचा करार झाला, त्यास भारत सरकारच्या प्रतिनिधींनी अनुकूल मत दिले. परंतु या दोन्ही करारांस भारताने अद्याप मान्यता दिलेली नाही. सभेत हात वर होतो, घरी आल्यावर सही होत नाही. ज्या गांधीजींनी १९३६ साली आपल्या सेगावात ठाण मांडले, त्यांच्या नावाने सगळेच शपथ घेतात. पण त्यांच्या महाजनातून निघालेल्या बायकांनी जगाला दिलेला कायदा त्यांच्याच देशात सहीसाठी ताटकळत उभा आहे.

आणि आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय निवडला, तिच्याकडे येतो.

संघटना करण्याच्या स्वातंत्र्याचा करार १९४८ सालचा, क्रमांक ८७. संघटना केली म्हणून कामगारास त्रास होऊ नये आणि सामुदायिक वाटाघाटी व्हाव्यात, हा करार १९४९ सालचा, क्रमांक ९८. संघटनेच्या पायाभूत करारांत यांची गणना होते. भारताने वेठीच्या मजुरीचा करार १९५४ साली मान्य केला, समान वेतनाचा १९५८ साली, बालकामगारांचे दोन करार २०१७ साली. हे दोन मात्र नाहीत. सरकारी नोकरांवर जी बंधने आहेत ती या करारांशी जुळत नाहीत, असे कारण सरकारकडून वेळोवेळी सांगितले गेले. हे कारण नीट ऐका. राज्य येथे कायदा करणारे म्हणून बोलत नाही, मालक म्हणून बोलते आहे. राज्याच्या अंगात एक मालक बसलेला आहे. आपल्या आशाताई गावोगाव फिरतात, त्यांच्या पगाराला मानधन म्हणतात आणि त्यांना स्वयंसेविका म्हणतात, तेव्हा हाच मालक बोलत असतो.

याचा आमच्या आयुष्यातला एक प्रसंग सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये हंगामी मजुरांची युनियन करायची होती. कायद्याने सात सभासदांच्या सह्या पुरत होत्या. रात्री एका ओसरीवर कंदिलाच्या उजेडात कागद फिरला. एका बाईने अंगठा उचलला आणि तसाच धरून विचारले, "भाऊ, अंगठा देल्ला तं काम नाही ना जाइन माह्यं?" आम्ही तरुण होतो. आम्ही म्हटले, "नाही जात ताई, कायदा आहे." तिने अंगठा दिला. आठ दिवसांत सातांपैकी चौघांना 'उद्यापासून येऊ नका' असे सांगण्यात आले. त्यांत ती होती. महाराष्ट्रात १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा होता, आम्ही दाद मागितली. तारखा पडत गेल्या. निकाल हाती आला तेव्हा चौघांपैकी दोघे सुरतेला गेले होते, एक वारला होता, आणि ती बाई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचत होती. निकाल आमच्या बाजूचा होता. तो कागद घेऊन आम्ही तिच्याकडे गेलो. तिने तो हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि चहा ठेवला. आमच्यावर रागावली नाही. ती रागावली असती तर आम्हांस बरे वाटले असते.

क्रमांक ९८ वर भारताची सही असती तर तिचे काम वाचले असते का? असे आम्ही म्हणणार नाही, ते खोटे होईल. ज्या देशांनी सह्या केल्या आहेत तेथेही कामगार रस्त्यावर येतात. परंतु सही असती तर सरकारला दर काही वर्षांनी जगापुढे जाब द्यावा लागला असता, आमच्या संघटनांना तो जाब खोडून काढता आला असता, आणि निकालास इतकी वर्षे का लागतात हा प्रश्न केवळ आमचा राहिला नसता. सही म्हणजे हक्क नव्हे, पण हक्काच्या वाटेवर उभे राहायला ती एक जागा असते. सही नसतानाही थोडी जागा आहे. १९५१ पासून जिनिव्हात संघटना-स्वातंत्र्याची समिती आहे, ती सही न केलेल्या देशाविरुद्धही तक्रार ऐकते. १९९८ च्या जाहीरनाम्याने सभासद असलेल्या प्रत्येक देशावर ही तत्त्वे पाळण्याचे बंधन मानले आहे. आमच्या चळवळीतल्या किती जणांस हे ठाऊक आहे, हा प्रश्न आम्ही आमच्याच माणसांना विचारतो.

या १९९८ च्या जाहीरनाम्यामागेही एक गोष्ट आहे, आणि ती आम्हांलाच अडचणीची आहे. १९९६ साली सिंगापूरला जागतिक व्यापार संघटनेची परिषद झाली. जो देश कामगारांचे हक्क पाळणार नाही त्याच्या मालावर बंधने घालावीत, अशी सूचना श्रीमंत राष्ट्रांकडून आली होती. भारत सरकारने कडाडून विरोध केला. आणि आमच्या मोठ्या मध्यवर्ती कामगार संघटनाही या बाबतीत सरकारच्याच बाजूला उभ्या राहिल्या. का? तर मँचेस्टर आठवले. कामगारांवरचे प्रेम की स्वस्त कापडाची भीती, ही शंभर वर्षांपूर्वीची शंका पुन्हा उभी राहिली. कामगारांचे प्रश्न व्यापार संघटनेत नकोत, कामगार संघटनेकडेच ठेवा, असे तेथे ठरले, आणि दोन वर्षांनी तो जाहीरनामा आला. त्या वेळी घेतलेली भूमिका चूक होती असे आम्ही म्हणत नाही. परंतु मँचेस्टरला हुसकावून लावल्यावर लोखंड्यांचा अर्ज तरी आपण पुढे न्यायला हवा होता. तो आपण नेला नाही. व्यापाराच्या दारातून येऊ नका असे बाहेरच्यांना सांगितले, आणि आपल्या सरकारला सहीसाठी धरून बसायचे विसरलो. हा दोष सरकारचा जितका, तितकाच आमचा.

२०१९ आणि २०२० साली संसदेने जुने कामगार कायदे एकत्र करून चार संहिता केल्या, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या अमलात आल्या. त्यांचे गुणदोष हा आजचा विषय नव्हे. परंतु एक मुद्दा आजच्या विषयात बसतो. त्रिपक्षीय चर्चेचा करार भारताने १९७८ साली मान्य केलेला आहे. सरकार, मालक आणि कामगार यांनी जिनिव्हाच्या प्रश्नांवर देशात एकत्र बसावे, असे तो सांगतो. त्याच धर्तीवर १९४२ पासून भारतीय श्रम परिषद भरत आली. २०१५ नंतर ती भरलेली आम्हांस दिसली नाही. ज्या खोलीत देशाचे मत तयार होते ती खोलीच बंद राहिली, तर जिनिव्हात जाऊन भारत म्हणून जो बोलेल तो कोणाचे बोलणे बोलेल?

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. आंतरराष्ट्रीय कायदा राज्ये घडवतात हे खरे, पण राज्यालाही आत कोणी तरी घडवीत असते. १९१९ साली आम्ही आत नव्हतो, म्हणून आमच्या वाट्याला साठ तास आले. १९२० साली आम्ही संघटित झालो, म्हणून खुर्ची आमच्या हाती आली. १९९६ साली बायका जिनिव्हापर्यंत गेल्या, म्हणून ज्यांना कोणी कामगार म्हणत नव्हते त्यांचा करार झाला. आणि जेथे आम्ही गप्प बसलो, तेथे आमच्या गप्प बसण्याची वहिवाट झाली. पांदण कोणी तरी नांगरून टाकतो, आपण एक हंगाम काही बोलत नाही, दुसरा हंगाम बोलत नाही, आणि पुढे मोजणीच्या वेळी नकाशावर वाटच नसते. हे शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात समजावून सांगण्याची गरज नाही.

करायचे काय, असे कोणी विचारील. फार मोठे काही नाही. आपल्या खासदारास पत्र लिहिताना रस्ता आणि रेल्वेथांबा यांबरोबर ८७ आणि ९८ हे दोन आकडेही लिहा. युनियनच्या वार्षिक सभेत जिनिव्हाला कोण गेले, तेथे काय बोलले, याचा जाब मागा. आणि जे सभासद नाहीत, आशाताई, घरकामाच्या बाया, जिनिंगचे हंगामी मजूर, घरोघर पार्सल पोचवणारी पोरे, त्यांच्यासाठी ओसरीवर जागा करा. 'अंगठा दिला तर काम जाईल का' असे कोणी विचारले तर आता आम्ही 'नाही' म्हणत नाही. 'जाऊ शकते, पण तुम्ही एकट्या नसाल,' असे म्हणतो. पूर्वीपेक्षा कमी अंगठे मिळतात, पण मिळतात ते टिकतात.

चालकांच्या प्रश्नाचे उत्तर देता आले की नाही हे आपण ठरवावे.